रुळांचा जमाखर्च



1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन येथे आली. या तिन्ही शहरांशी एकेक लहान रेल्वे निगडित होती. ग्वाल्हेरला शिंदे सरकारची दोन फुटी गाडी होती, इंदूरकडे खांडव्याचा घाट उतरणारी होळकरांची मीटरगेज होती आणि नागपुराहून छिंदवाड्याकडे सातपुडा चढणारी अडीच फुटी नॅरोगेज होती. आज यांपैकी एकही गाडी आपल्या जुन्या मार्गावर पूर्वीसारखी धावत नाही. त्यांच्या आठवणी निघाल्या की वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि तरुण मंडळी विचारतात, की ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चालणाऱ्या गाडीसाठी एवढी हळहळ कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नुसत्या गहिवराने देऊन चालणार नाही.

हे मार्ग कोणी व का घातले, हे प्रथम पाहिले पाहिजे. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 मध्ये खांडवा-इंदूर मार्गासाठी एक कोट रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने इंग्रज सरकारला दिले. माळव्याची अफू आणि धान्य मुंबईच्या बाजारास जोडण्यात सरकारचा आणि संस्थानाचा, दोघांचाही लाभ होता. भोपाळ-इटारसी मार्गालाही शाहजहाँ बेगमेने राज्याच्या तिजोरीतून मोठे द्रव्य दिले. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांना रेल्वेचे वेडच होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढून फिरत असे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु राजवाड्याबाहेर त्यांनी घातलेले रूळ भिंड, शिवपुरी आणि 1909 पर्यंत श्योपूरपर्यंत पोहोचले. चंबळच्या त्या दुर्गम प्रदेशात धड सडका नव्हत्या. दुष्काळात धान्य न्यावयाचे, आजाऱ्याला शहरात आणावयाचे, तर हाच आधार होता.

ग्वाल्हेर-श्योपूर हे सुमारे 200 किलोमीटरचे अंतर ती गाडी दहा-अकरा तासांत कापीत असे. सबलगढ, कैलारसकडील माणसे डब्यांत न मावल्याने टपावर बसून जात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ती थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. गेज-रूपांतरासाठी रूळ उखडले गेले आणि ग्वाल्हेरहून पुढे रुंद रूळ टप्प्याटप्प्याने पडत गेले. रुंद मार्ग हवा, याविषयी तेथील ग्रामस्थांचे दुमत नव्हतेच. त्यांची तक्रार एवढीच होती, की मधल्या वर्षांत गाडीच नव्हती आणि मोटारीच्या भाड्याचा भार खिशाला सोसावा लागला.

या वादाचे मूळ नेमके येथे आहे. इंग्लंडात 27 मार्च 1963 रोजी डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात 2,363 स्थानके आणि सुमारे 8,000 किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस होती. तेथे प्रश्न सरळ होता. तोटा होतो, म्हणून गाडी बंद. लोकांनी विरोध केला, सभा घेतल्या, तरीही बहुतेक शाखा गेल्या. पुढे पश्चात्ताप झाला, पण तोवर जमिनी विकल्या गेल्या होत्या, पूल पाडले गेले होते. एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग 1969 मध्ये बंद झाला. त्यातील सुमारे 48 किलोमीटरचा भाग 2015 मध्ये पुन्हा सुरू करण्यास मोठा खर्च आला. एकदा मोडलेला मार्ग पुन्हा जोडणे किती महाग पडते, याचा हा धडा होय.

भारतात तोट्याच्या हिशेबाने गाड्या बंद करण्याचा प्रयत्न झाला, पण तो फारसा पुढे गेला नाही. रेल्वे सुधार समितीने 1980 च्या दशकात 40 शाखा बंद करण्याची शिफारस केली होती. राज्य सरकारांच्या आणि लोकांच्या विरोधामुळे त्यांपैकी 15 च कायमच्या बंद झाल्या. 1992 पासून एकगेज धोरणाखाली लहान गाड्या थांबू लागल्या. सातपुड्याचा नागपूर-छिंदवाडा मार्ग 2015 मध्ये थांबला आणि तेथे रुंद मार्गावरची सलग गाडी सुरू होण्यास पाचांहून अधिक वर्षे लागली. होळकरांच्या मार्गावरील पातालपाणी-कालाकुंड हा घाटाचा तुकडा 2018 च्या डिसेंबरात पर्यटकांच्या गाडीसाठी राखला गेला. त्याचे स्वागतच व्हावे. पण रविवारी धबधबा पाहण्यास जाणाऱ्याची गाडी आणि रोज दुधाच्या कॅनी घेऊन बाजारास जाणाऱ्याची गाडी यांत जे अंतर आहे, त्याचाही विसर पडता कामा नये.

खांडवा-अकोला मार्गाची गोष्ट याहून कठीण. माळवा आणि वऱ्हाड यांना जोडणारी ही मीटरगेज मेळघाटातून जात असे. धुळघाटाजवळ रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत चढत. रूपांतरासाठी ही गाडी 2017 च्या आरंभी थांबली. मार्गाचा सुमारे 38 किलोमीटर भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. तेथे रुंद मार्ग, अधिक वेग आणि अधिक गाड्या म्हणजे वन्य प्राण्यांवर संकट, हे वनप्रेमींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. जंगल वगळून सोनाळा-जामोदकडून वळविलेला मार्ग सुचविला गेला. अंतर वाढते खरे, पण अधिक गावांना लाभ मिळतो. मात्र जुन्या मार्गावरील वस्त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तेथील कोरकू माणसाला वाघही हवा आणि बाजाराला जाण्याची सोयही हवी. या दोहोंतील निवड त्याच्यावर लादण्याचा अधिकार दूर शहरांत बसलेल्या कोणाही पक्षाला नाही.

तेव्हा हळहळ आणि प्रगती असा सामना लावणे व्यर्थ आहे. जो गाव सोडून गेला, त्याला धुराचा वास आणि शिट्टी आठवते. जो गावातच राहिला, त्याला सकाळी सातची गाडी हवी असते. स्मरणाचा मान पहिल्याला अवश्य द्यावा, पण निर्णयाच्या वेळी दुसऱ्याचा शब्द आधी ऐकावा. कोणताही मार्ग बंद करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, की उद्या सकाळी येथील माणूस कशाने जाणार? याचे उत्तर तयार असेल, तर जुन्या इंजिनाला हार घालून निरोप देण्यात दुःख असले तरी अन्याय नाही.

शंभर वर्षांचा संसार केलेल्या ग्रंथालयाच्या वाचकांना हे पटवून देण्याची गरज नसावी. वर्गणी आणि खर्च यांचा मेळ घालू लागल्यास परप्रांतातील मराठी ग्रंथालयही तोट्याची शाखाच ठरेल. महिन्याकाठी एखादेच पुस्तक नेणाऱ्या वृद्ध वाचकासाठी सायंकाळी दिवा लावून बसणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. तरीही येथे दार उघडले जाते, कारण दार बंद झाले तर तो वाचक कोठे जाणार, हे चालकांनी आधीच विचारून ठेवलेले असते. रेल्वेच्या शाखांकडेही याच दृष्टीने पाहिले जावे.