निवृत्तीनंतरची पेटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे नियोजन’. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस म्हटल्यावर हा आता मुदत ठेवी आणि व्याजदर सांगणार, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण अर्धा टक्का कुठं जास्त मिळतो हे आपल्या कट्ट्यावर सगळ्यांना माझ्या आधी कळतं. म्हणून मी आज पेटीबद्दल बोलणार आहे. तिजोरीतल्या नव्हे, बाजाच्या पेटीबद्दल.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आमचा भाग गोरोबाकाकांच्या तेरचा, त्यामुळे घरोघरी टाळ असायचेच. शाळेत असताना वडिलांच्या मांडीला मांडी लावून मी चार अभंगांच्या चाली आणि एक-दोन नाट्यपदं शिकलो. १९७४ साली बँकेत लागलो. मग परंडा, भूम, कळंब, उमरगा असा जिल्हाभर फिरलो. दर बदलीला पेटी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायची आणि नव्या गावी सगळ्यात आधी माळ्यावर जायची. बँकेतल्या लोकांना ‘स्केल’ म्हटलं की स्केल वन, स्केल टू, प्रमोशन एवढंच आठवतं. काळी एक, पांढरी चार हेही स्केलच असतात, हे मी पार विसरून गेलो होतो.

पाच वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवती गेल्या. तुम्ही सगळे तेव्हा धावून आलात, ते ऋण आहेच. पण तेरा दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मग कळलं की दिवस कसाही जातो. संध्याकाळचे सहा ते आठ जात नाहीत. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, “बाबा, घर बंद करा आणि इकडे या.” गेलो. त्याच्याकडे नात पियानोच्या क्लासला जाते, घरी कीबोर्ड आहे. एक दिवस ती म्हणाली, “आबा, तुम्ही नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवा. कशाही वाजवल्या तरी छान वाटतं.” मी वाजवल्या. साठ वर्षांपूर्वीचं काहीतरी बोटांत हललं. दोन महिन्यांनी मी धाराशिवला परत आलो आणि पहिली पेटी खाली काढली.

उघडली तर आत उंदरांचा संसार! भाता फाटलेला, निम्मे सूर मुके. सोलापूरला एका कारागिराकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर एकेक सूर काढून दाखवला. पितळेची एवढीशी जीभ असते, हवेनं थरथरते, आणि तोच आवाज. जिभेचं टोक घासलं की स्वर चढतो, बूड घासलं की उतरतो. त्यांनी सूर साफ केले, लावले, भाता नवा बसवला. म्हणाले, “काका, आता हिला रोज श्वास द्या. नाहीतर पुन्हा उंदीर येतील.” एवढं सोपं आणि खरं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन महिने कठीण गेले. तर्जनी आणि मधलं बोट आज्ञाधारक. अनामिका आणि करंगळी मात्र युनियनची माणसं, ऐकतच नाहीत. अंगठा बोटांखालून पुढं घ्यायचा असतो, तो वेळेवर पोचत नाही. उजवा हात नीट चालला की डावा भाता मारायचा विसरतो आणि सूर मध्येच मान टाकतो. मग मी ठरवलं, रोज वीस मिनिटं, त्यातली दहा नुसते अलंकार. सा रे ग म, रे ग म प. तेही इतके सावकाश की चुकायला जागाच नको.

पण एक गोष्ट लक्षात आली. लहान मुलाचे हात लवकर वळतात, कान मात्र रिकामा असतो. आपलं उलटं आहे. भजनं, कीर्तनं, रेडिओ, नाटकं... कानाच्या खात्यात साठ वर्षं ठेव जमा होत होती. फक्त पैसे काढायची स्लिप भरायची राहिली होती. परीक्षा नाही, बक्षीस नाही, चुकलं तर वडिलांचा डोळा नाही. ज्या अभंगाची चाल दहाव्या वर्षी पाठ होती, त्याचा अर्थ मला आता पंचाहत्तरीत वाजवताना लागतो.

नातीनं सांगितलेल्या काळ्या पट्ट्यांची गंमत आता सांगतो. घरी जाऊन नातवंडांच्या कीबोर्डवर करून बघा. पियानो असो, कीबोर्ड असो की आपली पेटी, एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. पांढरीला हातच लावू नका. काळी एकला सा धरून या पाचच वाजवल्या, की दुर्गा रागाचे स्वर निघतात. काळी तीनला सा धरला, की त्याच पाच पट्ट्यांवर भूप. काळी पाचला सा धरला, की मालकंस! काळी दोनवरून धानी आणि काळी चारवरून मधमाद सारंग. पट्ट्या त्याच, हात तोच, फक्त सा हलवला. दुर्गा आणि मालकंस एकाच पाच पट्ट्यांत राहतात, हे पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा मी रात्री साडेनऊला एकटाच हसत बसलो होतो.

निवृत्तीचं मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. माणूस तोच, घर तेच, गाव तेच. इतकी वर्षं सा नोकरीवर होता, मुलांवर होता, बायकोवर होता. तो तिथून हलला की सगळं बेसूर झालं असं वाटतं. बेसूर होत नाही. सा दुसरीकडे धरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

ही पेटी तरी कुठं सरळ रस्त्यानं आली? मूळची युरोपातली. पॅरिसच्या देबेन यांनी १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. तिथं ती खुर्चीवर बसून पायानं भाता मारत वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी केली आणि ती देशभर गेली. आपल्या संगीत नाटकांना तिनं साथ दिली. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी तिला मानाचं स्थान मिळवून दिलं. तरी १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली. कारण काय, तर तिच्यावर मींड येत नाही आणि आपल्या श्रुती निघत नाहीत. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तोवर देवळातल्या भजनांनी आणि नाटकवाल्यांनी तिला सांभाळलं. आपल्याच मराठवाड्यातून, जालन्याकडून गेलेल्या आप्पा जळगावकरांनी पुढं मोठमोठ्या गायकांना साथ केली आणि या परक्या वाद्यातून गाणं काढून दाखवलं. तीस वर्षं दाराबाहेर उभं राहून जे वाद्य परत आत आलं, त्यानं माझ्यासारख्याला नाही का आत घ्यायचं?

आता मुख्य मुद्दा, आणि हा सोसायटीचा आहे.

मी रोज संध्याकाळी सहाला पेटी वाजवतो. आपली घरं भिंतीला भिंत लागून. सुरुवातीला शेजाऱ्यांनी माझे अलंकार सहन केले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. गेल्या वर्षी श्रावणात एक दिवस सव्वासहा झाले तरी पेटी वाजली नाही. शेजारच्या सूनबाई स्वयंपाक टाकून दाराशी आल्या. “काका, आज पेटी नाही वाजली, बरं आहे ना?” आतून उत्तर नाही. माझी शुगर उतरली होती आणि मी पलंगाखाली पडलो होतो. त्यांच्याकडं ठेवलेल्या किल्लीनं त्यांनी दार उघडलं, तोंडात साखर घातली, रिक्षा बोलावली. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी या माळावर आपण प्लॉट घेतले तेव्हा टँकर आला की सगळी लाईन घागरी घेऊन बाहेर यायची. कोण आलं, कोण नाही, हे आपोआप कळायचं. आता नळाला पाणी आहे, प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी आहे, चांगलंच आहे. पण आपल्यातली किती घरं अशी आहेत की मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात आणि इथं एकटं माणूस! त्या घरातून रोज काहीतरी ऐकू आलं पाहिजे. पेटी नको असेल तर टाळ वाजवा, हरिपाठ म्हणा, बासरी शिका. चांगलं वाजलं पाहिजे अशी अट नाही.

माझी कार्यकारिणीला विनंती आहे. सभागृहाशेजारच्या खोलीत जुने मांडवाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या आहेत. ती खोली मोकळी करून दर शनिवारी सहा ते साडेसात संगीतासाठी द्यावी. माझी पेटी मी तिथं आणून ठेवतो. ज्याला यायचं त्यानं यावं. येत नसेल तरी यावं. काळ्या पट्ट्या मी शिकवतो, एका शनिवारात दुर्गा येतो. दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या गावातून जाते. पुढच्या वर्षी रस्त्यावर उभं राहून नुसते हात जोडण्याऐवजी आपल्या सोसायटीचं एक भजन तरी तिथं व्हावं, एवढं नियोजन मी केलेलं आहे.

व्याजदर सचिव सांगतीलच.