साधने नवी, संवाद सनातन



वैनगंगेच्या काठी वसलेल्या या आरमोरीत आज एका साध्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर टिपणे पाठविली, म्हणजे संवाद झाला काय?

२०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आले, हे मोठेच काम झाले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि झूम, गुगल क्लासरूम, व्हॉट्सअॅप ही नावे प्राध्यापकांच्या तोंडी रुळली. परंतु कोरची-कुरखेड्याच्या जंगलपट्टीतील एखाद्या टोल्यावर रेंज शोधत टेकडी चढणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत त्यातले किती पोहोचते?

तासाभराच्या चित्रफितीला शेकडो एमबी डेटा लागतो. पाच मिनिटांच्या ध्वनिसंदेशाला एखाद-दुसरा एमबी पुरतो. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभा असलेला मुलगा सकाळी अकराच्या वर्गात पडद्यावर दिसणार नाही. तोच ध्वनिसंदेश मात्र रात्री घरी ऐकेल. साधन निवडताना प्राध्यापकाची सोय नव्हे, विद्यार्थ्याची परिस्थिती पाहिली पाहिजे.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना एक वर्ष सान्निध्यात राहावयास सांगतात. मग हवे ते विचारा, ठाऊक असेल तर सांगेन, असे म्हणतात. तेथे गुरूचे ज्ञान शिष्याच्या प्रश्नातून प्रकट होते. आपल्या परंपरेचे हे मर्म आहे. ज्या गटात केवळ प्राध्यापकच लिहू शकतो, तो गट म्हणजे सूचनाफलक. त्याला वर्ग म्हणता येणार नाही.

गोंडी किंवा झाडीबोली बोलणारा वनवासी विद्यार्थी भरल्या वर्गात प्रमाण मराठीत विचारण्यास संकोचतो. तोच एकांतात, आपल्या बोलीत दोन वाक्ये पाठवू शकतो. नव्या साधनाचे खरे सामर्थ्य येथे आहे. मात्र त्या दोन वाक्यांना आपुलकीचे उत्तर मिळाले नाही, तर तो पुन्हा विचारणार नाही. कदाचित पुढच्या वर्षी प्रवेशही घेणार नाही. अशी एकेक गळती ही समाजाचीच हानी होय.

म्हणून प्राध्यापकांनी किती संदेश पाठविले, याची नोंद पुरेशी नाही. किती प्रश्न आले आणि कोण बरेच दिवस गप्प आहे, हेही पाहावे. जो गप्प आहे, त्याला आधी हाक द्यावी.