संडास बांधून झाले. चालवण्याचा खर्च कोणाचा?

ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा २ ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ग्रामीण भागातील २६ टक्के कुटुंबे उघड्यावरच शौचाला जात असल्याचे आढळले. याचा अर्थ बांधकामे झालीच नाहीत, असा नव्हे. घरटी बारा हजार रुपयांचे अनुदान होते. भिंती उभ्या राहिल्या. परंतु हा झाला भांडवली खर्च. त्यानंतरचा रोजचा खर्च सरकारने कुटुंबावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीच्या डोक्यावर सोडला.

पाण्याचाच हिशोब पाहा. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे असेल तर दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरी पद्धतीचे बसवले की दर वेळी बादली रिकामी होते. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या गावात ही बादली कोणी आणावी? मग पुरुष टमरेल उचलतात आणि संडासात सरपण जाते. वरून आलेला अधिकारी याला अज्ञान म्हणतो!

खड्ड्याचा प्रश्न याहून अवघड. दोन शोषखड्ड्यांच्या पद्धतीत एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. शास्त्र निर्दोष आहे. पण खड्डा उपसणे हे अमुक जातीचेच काम, ही समजूत त्या शास्त्राहून फार जुनी. म्हणून ऐपतदार घर विहिरीएवढा खड्डा खणते, आणि गरीब घर खड्डा भरेल या धास्तीने संडास जपून ठेवते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून उपोषण करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांना हे उमगले होते. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडास, खत आणि अस्पृश्यतानिवारण ही वेगळी कामे मानली नाहीत. स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात गांधीजींचा चष्मा आला. अप्पासाहेबांचे फावडे कोणाला आठवले नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखली होती. असा पैसा केवळ नव्या बांधकामात जिरू नये. ओले खड्डे यंत्राने उपसणे, तुंबलेल्या नळ्या व फुटलेली भांडी दुरुस्त करणे, आणि हे काम करणाऱ्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, पंचायतीचा नियमित पगार देणे यांची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी झाली पाहिजे. आणि उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या ठरतात तेव्हा माणशी पाण्यात संडासाचे पाणी धरले आहे काय, हे ग्रामसभेने तहसीलदारांना लेखी विचारावे.