शाळेला हेडसेट द्यावेत का?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला दहा व्हीआर हेडसेट द्यावेत, अशी सूचना ग्रुपवर आली. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून 'तूच सांग' असं ठरलं. भूगोलाच्या तासाला उत्तर न येता उभा राहायचो, तसाच आज उभा आहे. फक्त या वेळी अभ्यास करून आलोय.

यातलं मूळ तत्त्व जुनं आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी संगणकाला जोडलेला डोक्यावरचा पडदा बनवला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागे. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोचं वजन ६०० ग्रॅमच्या वर आहे आणि बाजारात आला तेव्हा अमेरिकेतली किंमत ३,४९९ डॉलर होती. छतावरून खाली उतरला, पण मानेवरचा भार आणि खिशाचा भार अजून गेलेला नाही.

व्हीआर समोरचं जग झाकतं. एआर समोरच्या जगावरच माहिती मांडतं. माझ्या मते पुढचा काळ एआरचा आहे, तोही साध्या चष्म्याच्या रूपात. अडचण बॅटरीची, उष्णतेची आणि भिंगांची आहे. शिवाय वस्तू जवळ भासली तरी डोळ्यांना नजर मात्र ठरावीक अंतरावरच स्थिर करावी लागते, म्हणून ते शिणतात. मान वळली आणि चित्र जरा मागे राहिलं, की मळमळतं.

मग उपयोग कुठे? जे धोक्याचं, महाग, दूरचं किंवा डोळ्यांना न दिसणारं आहे, तिथे. वैमानिकाचा सराव, शस्त्रक्रियेची तालीम, हृदयाच्या झडपा आतून पाहणं. पण जे हाताशी आहे, ते हातानेच शिकावं. आईला मी एकदा समुद्राचा तळ दाखवला. तिने मासा धरायला हात पुढे केला आणि म्हणाली, "छान आहे रे, पण पाणी ओलं नाही." विज्ञानाच्या बाईंनी जास्वंद उभी कापून आपल्या तळहातावर ठेवली होती. ते पराग बोटांना लागले, म्हणून आजही आठवतात.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रं लवकर जुनी होतात. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. दहा हेडसेट चार वर्षांनी कपाटात कुलूपबंद होतील, ही माझी खरी भीती आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा: दहाऐवजी तीन घ्यावेत. ते आठवीच्या पुढेच वापरावेत, कारण कंपन्याही लहान मुलांसाठी वयाची अट घालतात. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. आधी शिक्षकांना शिकवावं, कोणता पाठ दाखवायचा हे त्यांनीच ठरवावं. उरलेल्या पैशांतून प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक द्यावेत. ते नीट जपले तर वर्षानुवर्षं टिकतात. आणि दरवर्षी आपल्यापैकी दोघांनी येऊन यंत्रं चालू आहेत ना, ते पाहावं. पहिल्या वर्षी मी येईन.

भूगोलाच्या सरांनी एका खडूने फळ्यावर हिमालय काढला होता आणि आपल्याला तिथे थंडी वाजली होती. सर, तुमचा खडू बदलायला आम्ही निघालेलो नाही. त्याच्या शेजारी ठेवायला एक वस्तू आणतोय, एवढंच.