शाई जाते कुठे?

मी बडोद्याहून बोलतेय. दांडिया बाजारात आमचं घर आहे आणि घरातल्या पुढच्या खोलीत मी गेली अकरा वर्षं पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते. मी इंजिनिअर नाही, माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकानही नाही. पण एका प्रिंटरने मला दीड वर्ष इतकं पिळलं, की शेवटी वही घेऊन बसले आणि शाई जाते कुठे याचा छडा लावला. आज तेच सांगणार आहे.

झालं असं. माझ्याकडे चोवीस मुलं. आठवड्याला प्रत्येकाला दोन पानांची सरावपत्रिका द्यायची, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास पानं. प्रिंटर घेतला होता साडेतीन हजारांचा. स्वस्त मिळाला म्हणून मी खूश. काळं कार्ट्रिज साडेनऊशे रुपयांचं. खोक्यावर लिहिलेलं, ४८० पानं. म्हटलं, पानाला दोन रुपये, ठीक आहे. पण कार्ट्रिज महिन्याच्या महिन्याला संपायला लागलं. मग मी पालकांना सांगितलं, की दर महिन्याला प्रिंटचे पन्नास रुपये वेगळे द्या.

पुढच्या आठवड्यात एक सहावीतली मुलगी मला म्हणाली, "टीचर, मला शीट नको, मी मैत्रिणीची बघून वहीत उतरवून घेईन." तिचे वडील रिक्षा चालवतात. फी देताना आधीच त्यांची ओढाताण व्हायची, ते मला माहीत होतं. ती मुलगी अर्धा तास उदाहरणं उतरवत बसली आणि बाकीच्यांनी तेवढ्यात ती सोडवून टाकली. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये रद्द केले आणि नवीन कार्ट्रिज बसवलं, त्यावर पेनने तारीख लिहिली आणि पानं मोजायला लागले.

१९० पानं. खोक्यावर ४८०, माझ्या हातात १९०. म्हणजे पानाला पाच रुपये! आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दोन रुपयांत प्रिंट काढून देतो.

आता मला आधी कंपनीने फसवलं असं वाटलं. तसं सरळ म्हणता येत नाही. पानांचा हा आकडा मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, इंकजेटसाठी तिचा क्रमांक आयएसओ २४७११. ठरलेली नमुना पानं जवळपास सलग छापत जायची, कार्ट्रिज संपेपर्यंत. बाजारात साधारण धरतात, की पानाच्या पाच टक्के भागावर एका रंगाची शाई पडते. पाच टक्के म्हणजे एखादं छोटं पत्र. माझ्या सरावपत्रिकेला चारही बाजूंनी जाड चौकट होती, प्रश्नांच्या मागे करडे पट्टे होते, आणि वर माझ्या क्लासचं नाव ठसठशीत काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत. कॅमेऱ्यापुढे धरते, बघा. नटवी झाली होती नुसती! एक काळी पट्टी म्हणजे कितीतरी ओळींची शाई. ती चौकट आणि पट्टे काढले, त्या दिवसापासून फरक दिसला.

पण तेवढ्याने सगळा हिशेब लागत नव्हता. कारण रंगीत कार्ट्रिजही संपत होतं, आणि मी रंगीत पान कधी काढतच नव्हते. हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारलाय, की कलर काढत नाही, मग कलर संपतो कसा? यासाठी आत काय चालतं ते थोडं बघू या.

इंकजेटमध्ये केसाहून बारीक छिद्रं असतात, त्यांतून थेंब उडतात. थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत छिद्रामागे इवलासा हीटर असतो. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागलं, शाई उडाली, आणि त्यातून ही युक्ती सुचली. एचपीची घरगुती यंत्रंही याच रीतीची. दुसऱ्या रीतीत हीटर नसतो. विजेचा दाब दिला की एक स्फटिक वाकतो आणि शाई ढकलतो. एप्सन आणि ब्रदर ही रीत वापरतात.

दोन्हीत दुखणं एकच. शाई पातळ आणि छिद्रं बारीक. हवा लागली की शाई सुकते. म्हणून काम संपलं की प्रिंटर हेडला बाजूला नेऊन रबरी टोपीवर बसवतो. आपण पेनला टोपण लावतो ना, तसंच. आणि सुकलेलं काही राहिलं असेल म्हणून चालू होताना बऱ्याचदा थोडी शाई ओढून फेकून देतो. ती शाई पानावर येत नाही. प्रिंटरच्या तळाशी स्पंजसारखा गठ्ठा असतो, त्यात मुरते. आणि ही सफाई करताना रंगीत छिद्रंही धुतली जातात. रंग संपतो तो असा.

आता आमच्या घरची गंमत. माझे सासरे, वय ७८, रेल्वेतून निवृत्त. बाबा रोज रात्री झोपण्याआधी घरभर फिरून बोर्डावरची बटणं बंद करतात. टीव्ही, मिक्सर, प्रिंटर, सगळं. वीज वाचवायची त्यांची सवय, आणि चांगलीच आहे. पण बऱ्याचदा मी पत्रिका काढून नुकतीच उठलेली असायची, प्रिंटर तसाच चालू, आणि बाबा बोर्डावरून बटण दाबायचे. कधी हेड वाटेतच, टोपण न लावता, रात्रभर उघडं. सकाळी चालू केलं की घर्रर्र, खडखड, दोन मिनिटं सफाई. रोज. महिन्याला तीस वेळा शाई पाण्यासारखी वाहत होती, आणि आम्ही वाचवत काय होतो? प्रिंटर नुसता थांबलेला असताना दोन वॅट धरा. महिन्याला दीड युनिट. दहा-बारा रुपये.

बाबांना मी हिशेब दाखवला. ते रेल्वेचे हिशेबनीस, त्यांनी तो तपासला, माझी एक बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली, आणि मग मान्य केलं. आता नियम असा, की आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं, आतला आवाज थांबून दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच बोर्ड. काही मॉडेलना बोर्डावरून वीज गेली की वेळेचं भान राहत नाही, तीही उगाच सफाई करतात. तुमचा प्रिंटर रोज सकाळी असाच घुरघुरत असेल, तर आठवडाभर बोर्ड चालू ठेवून बघा, आवाज कमी होतो का.

तिसरी गळती सेटिंगमध्ये होती. काळं पान काढतानाही बरेच प्रिंटर करडा रंग तयार करायला तिन्ही रंग मिसळतात. प्रिंट द्यायच्या आधी प्रॉपर्टीजमध्ये जा. नुसतं ग्रेस्केल निवडून भागत नाही, तिथेच कुठेतरी फक्त काळी शाई असा पर्याय असतो, तो निवडा. आणि सरावासाठी ड्राफ्ट. मुलं त्या पानावर पेन्सिलने गिरवणार आहेत, त्याला लग्नपत्रिकेचा दर्जा कशाला हवा?

फॉन्टनेही फरक पडतो. २०१० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने शाई वाचवायला ईमेलचा फॉन्ट एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक केला. त्याची बातमी झाली होती. देवनागरीत तर वर शिरोरेषाही असते, ती जाड फॉन्टमध्ये आडव्या पट्टीसारखी शाई पिते. मी मुक्ता फॉन्टची लाइट जात वापरते. पण अक्षर इतकंही बारीक करू नका की मुलं डोळे ताणतील.

या तीन गोष्टींनी, एक रुपयाही खर्च न करता, पुढचं कार्ट्रिज ३४० पानं चाललं. पानाला पावणेतीन-तीन रुपये. तरी झेरॉक्सवाल्याहून महागच, हे कबूल करते.

मग रिफिल. ज्या कार्ट्रिजमध्ये हेड त्यातच असतं, म्हणजे खाली सोनेरी-तांबूस पट्टी दिसते, ते सिरिंजने भरता येतं. दोन-चार वेळा. पण पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही. त्या हीटरला शाईच थंड ठेवते, शाई नसली की तो जळतो. पान फिकं दिसायला लागलं की थांबा. शाई कमी आहे असा इशारा मात्र लगेच मानू नका, बऱ्याच यंत्रांत तो थेंब मोजून केलेला अंदाज असतो. मी इशाऱ्यानंतर चाळीसेक पानं काढलीत. ज्यांत हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं तिथे एवढं ताणू नका, नळीत हवा शिरली की काढणं कठीण.

दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज? स्वस्त पडतं, पण कार्ट्रिजवर चिप असते आणि काही प्रिंटर सॉफ्टवेअर अपडेटनंतर परकी चिप नाकारतात. यावर जगभर भांडणं झाली आहेत. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, कुणी ते भरून विकलं तर त्याला पेटंटच्या जोरावर अडवता येणार नाही. २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने याच परक्या कार्ट्रिजच्या अडवणुकीवरून एचपीला एक कोटी युरोचा दंड केला. पण आपल्या टेबलावरचा प्रिंटर "कार्ट्रिज ओळखता येत नाही" म्हणाला, की न्यायालय मदतीला येत नाही. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, चाललं नाही तर परत घेणार का.

शेवटी मी टँकचा प्रिंटर घेतला. साडेअकरा हजार. आधी आकडे मांडले. जुना प्रिंटर नीट वापरून शाईला महिन्याला साडेपाचशे लागत होते. टँकच्या काळ्या बाटलीवर साडेचार हजार पानं लिहिलेली, म्हणजे त्यातली निम्मी जरी मिळाली तरी महिन्याला फार तर तीस-चाळीस रुपये. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. माझ्यासाठी परवडलं, कारण मी दोनशे पानं काढते.

आता लक्ष द्या, इथे लोक चुकतात. माझ्या बहिणीने माझं ऐकून टँक घेतला, आणि ती महिन्याला आठ पानं काढते. आधार कार्डाची प्रत, रेल्वेचं तिकीट, एखादा फॉर्म. तीन महिन्यांत हेड सुकलं. कार्ट्रिजमध्ये हेड असतं तेव्हा कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं. टँकमध्ये ते कायमचं, बदलायचं तर हजारोंचं काम. क्लीनिंगचं बटण तिने सलग सात वेळा दाबलं, निम्मी शाई त्या स्पंजमध्ये गेली. आधी नोझल तपासणीचं पान काढायचं, एक-दोनदा सफाई करायची, आणि मग रात्रभर तसंच ठेवायचं, सुकलेली शाई मऊ होते.

तिला खरं तर काळा लेझर हवा होता. त्यात शाई नसते, टोनरची पूड असते, ती सहा महिने पडून राहिली तरी सुकत नाही. फॉर्मवर पाण्याचा थेंब पडला तर अक्षर फुटत नाही. फक्त तो तापताना बरीच वीज ओढतो, म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. आणि महिन्याला आठच पानं असतील तर मी अजूनही म्हणेन, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. दोन रुपये पान, आठ पानांचे सोळा रुपये.

ती सहावीतली मुलगी आता आठवीत आहे. परवा मला म्हणाली, "टीचर, मागच्या आठवड्याची शीट अजून एक द्या, माझी चुकली, मला पुन्हा सोडवायची आहे." दिली.

आज घरी गेलात, म्हणजे घरीच आहात तुम्ही, तर उठा आणि प्रिंटरच्या मेनूत आतापर्यंतच्या एकूण पानांचा आकडा शोधा. बहुतेक यंत्रांत असतो. तो आणि आजची तारीख कार्ट्रिजवर लिहा. संपेल तेव्हा पुन्हा आकडा बघा, आणि खाली कॉमेंटमध्ये मला दोन्ही आकडे कळवा. खोक्यावरचा आकडाही लिहा.