जमैकाचे रेगे आणि आपली गँगची गाणी
(बैलकुप्पे येथील अभ्यास-सहलीत रेल्वे व टपाल सभासदांपुढे केलेले भाषण)



सकाळपासून आपण बैलकुप्पे पाहतो आहोत. नामद्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्ती पाहिल्या, मक्याची शेते पाहिली. दुपारी चहाच्या दुकानात स्पीकरवर एक इंग्रजी गाणे लागले होते आणि तिथला तिबेटी मुलगा मान डोलावत होता. आपल्यापैकी एकाने हसत विचारले, "सेक्रेटरीसाहेब, लामांच्या गावात हा कसला धांगडधिंगा?" त्याचे उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हे संगीत आम्हाला आमच्या मुलाने ऐकवले. पुढची माहिती आम्ही गोळा करत गेलो.

या संगीताला रेगे म्हणतात. १९६८ च्या सुमारास ते जमैका बेटावर जन्मले. त्यात गिटारचा ठोका पाऊल पडते तिथे नव्हे, तर पाऊल उचलते तिथे पडतो. म्हणून ऐकणारा आपोआप डोलतो.

जमैका आपल्याला परका नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तिथे उसाच्या मळ्यात राबवले गेले. १८३८ साली ते पूर्ण मुक्त झाले, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पहिले जहाज १८४५ साली पोचले. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे ३६ हजार लोक गेले. त्याच १८४५ साली जमैकात रेल्वे सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या आठ वर्षे आधी. १९९२ साली तिथली प्रवासी वाहतूक बंद पडली आणि पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. गाणी मात्र जगभर गेली.

ती गाणारे कोण होते? बॉब मार्ले (१९४५-१९८१) किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीतला. पोरवयात वेल्डिंगचे काम शिकला. पुढे अमेरिकेत मोटारीच्या कारखान्यात त्याने रात्रपाळी केली. त्या पाळीवर रचलेले 'नाइट शिफ्ट' हे गाणे त्याच्या १९७६ च्या तबकडीत आहे. डेस्मंड डेकर हाही वेल्डरच. म्हणजे आपल्या वर्कशॉपमधलीच माणसे.

त्यांची पिळवणूकही आपल्या ओळखीची. गायकाच्या हातावर एकदाच काही रक्कम टेकवायची आणि तबकडीचा नफा निर्मात्याने खायचा, अशी तिथे रीत होती. १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या चित्रपटात जिमी क्लिफने रंगवलेला नायक आपले गाणे वीस डॉलरला देऊन टाकतो. आपल्या भाषेत ही ठेकेदारीच!

आता दुपारच्या गाण्याकडे येऊ. ते 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', मेलोडियन्स या जमैकन मंडळींनी १९७० साली केलेले. बायबलमधल्या स्तोत्रावर ते आधारले आहे. मुलूख सोडायला लावून बंदी केलेले लोक परक्या नदीकाठी रडतात, असा त्याचा आशय. १९७८ साली बोनी एम या मंडळींनी ते पुन्हा गायले. आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या गॅदरिंगमध्ये पोरे त्यावर नाचत. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, आम्हालाही नव्हता.

इथल्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही. १९५९ नंतर तिबेटातून आलेल्या कित्येकांनी हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडली. १९६१ पासून इथे जंगल तोडून, तंबूत राहून त्यांनी वसाहत उभी केली. जमैकाच्या मजुराचे गाणे इथे गैर कसे ठरेल?

१९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र झाला, त्या सोहळ्यात मार्ले गायला. २०१८ साली युनेस्कोने रेगेची मानवजातीच्या वारशात नोंद केली. हे घडले, कारण ती गाणी तबकडीवर उतरली होती.

आणि आपली? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण आपण सभेत काढतो. पण रूळ सरकवताना मुकादम म्हणायचा आणि वीस जण पहार लावून साथ द्यायचे, ती गाणी कुठे आहेत? आता रुळांवर यंत्रे आली. आरएमएसच्या डब्यात रात्रभर टपाल लावताना म्हटलेली भजने त्या डब्यांबरोबर गेली.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आमच्या शाखेत एक निवृत्त मुकादम होते. त्यांना गँगची पंचवीस-तीस गाणी पाठ होती. "लिहून घ्या हो कोणीतरी," असे ते दर सभेला म्हणत. आम्ही दर वेळी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू." गेल्या पावसाळ्यात ते वारले. एकही गाणे आमच्याकडे नाही. हा दोष प्रशासनाचा नाही, सरकारचा नाही. तो आमचा आहे.

म्हणून विनंती आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पुढच्या शाखासभेपूर्वी प्रत्येकाने एका निवृत्त साथीच्या घरी जावे, त्याचे गाणे भरून घ्यावे आणि गाणाऱ्याचे नाव, गँग, गाव लिहून ठेवावे. त्याच्या संमतीशिवाय आणि नावाशिवाय ते कोणाला देऊ नये. वीस डॉलरची गोष्ट आपल्याकडे घडायला नको.

पगारवाढीसाठी आपण लढतोच. ही मिळकतही आपलीच आहे. ती आता आपणच सांभाळायची आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!