बेरीज बरोबर, नावं चुकली

माईकसमोर आज एकटीच बसलेय, पण बोलणं आम्हा तिघींचं आहे. माण तालुक्यातल्या शेजारशेजारच्या तीन गावांत बचतगटांचं काम पाहणाऱ्या आम्ही तिघी. काम एक, अभ्यास एक, आणि आज सांगणार आहोत ती चूकही तिघींची. म्हणून "मी" नाही, "आम्ही".

आम्ही तिघी पस्तिशीच्या आसपास आहोत. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पुढं गटाच्या कामाला लागलो, तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ सुरू झालं, ते आमच्यासारख्यांसाठीच, असं आम्हाला वाटतं. पुस्तकं मराठीत, आणि अभ्यास आपल्या सोयीनं घरी. असं करत करत तिघी बी.ए. झालो. आता तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग चालू आहे. म्हणजे वयानं आई, कामानं ताई आणि ओळखपत्रावर विद्यार्थिनी!

आमचा दिवस कसा जातो म्हणून विचाराल, तर पहाटे पाचला पाणी आणि भाकरी, मुलांचे डबे. दहापासून बँक, पंचायत समिती, कर्जाचे प्रस्ताव. गटाच्या बैठका बहुतेक संध्याकाळी सातनंतर, कारण बायका रानातून आल्याशिवाय बैठक भरत नाही. रात्री साडेनऊला भांडी घासून झाली की वही उघडायची. एकीच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. ती तिथं उभी राहून धड्यांचे व्हिडिओ उतरवून घेते आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना देते. झोप कमी पडते, हे खोटं कशाला बोला. पण खरं सांगतो, आम्हाला हे आवडतं. आकडा टाकला की खाली बेरीज आपोआप येते, याची मजा आम्हाला अजून वाटते.

त्या मजेतच चूक झाली.

एका गटाचा कर्जाचा हिशोब आम्ही मोबाईलवरच्या तक्त्यात भरला. पहिल्या रांगेत सभासदांची नावं, पुढं कर्ज, भरलेले हप्ते, बाकी. नावं नीट दिसावीत म्हणून ती अकारविल्हे लावली. पण लावताना निवडली फक्त नावांची रांग. नावं खालीवर झाली आणि रकमा जागच्या जागीच राहिल्या. एकीचे हप्ते दुसरीच्या नावावर गेले. आम्ही तिघींनी तक्ता पाहिला. बेरीज रोकडवहीशी जुळत होती. जुळणारच, कारण आकडे तेच होते! आम्ही खूश झालो आणि तक्ता गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

त्या तक्त्यात एका मावशींच्या नावापुढं तीन हप्ते थकलेले दिसत होते. मावशींकडं साधा फोन, त्यामुळं त्यांना काही कळलं नाही. कळलं ते सुनेकडून, आणि मग नळावर. "एवढं नियमाचं बोलते, आणि हिचेच हप्ते थकलेत की." बैठक होती आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत गावात काय काय बोललं गेलं, ते आम्हाला नंतर समजलं.

बैठकीला मावशी आल्या त्या पदराखाली पासबुक घेऊन. गटाचं ते छोटं पुस्तक, ज्यात दर महिन्याची बचत आणि हप्ता पेनानं लिहून सही होते. कोपरे झिजलेले, वर प्लॅस्टिकची पिशवी. ते आमच्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, "पोरी, तुझ्या फोनात काय का असंना, माझ्या पुस्तकात बघ की. मला वाचता येत न्हाई, पर एकबी पान कोरं न्हाई, एवढं मला कळतं. आठ दिस डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा."

एकही हप्ता चुकला नव्हता. आमची मान खाली गेली.

चूक कुणाच्या बोटानं झाली ते आम्ही सांगणार नाही. तक्ता तिघींनी पाहिला होता. त्याच बैठकीत आम्ही मावशींची माफी मागितली, बरोबर हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि इतिवृत्तात लिहिलं की चूक आमची होती. ज्या व्हॉट्सॲपवर चुकीचा तक्ता गेला, तिथंच दुरुस्त केलेला तक्ताही टाकला. पण नळावरचं बोलणं दुरुस्त करायला कुठलं बटण नसतं.

दोन महिन्यांनी संगणकाच्या वर्गातल्या सरांनी सांगितलं, पुण्यात एका महाविद्यालयात दोन दिवसांची तंत्रज्ञान परिषद आहे, विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत. अशा परिषदांना जायची आम्हाला हौस आहे. नवं ऐकायला मिळतं, नवी माणसं भेटतात. घरी मात्र प्रश्न ठरलेला. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं जाऊन काय आणणार? एक पिशवी आणि एक पेन." १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळं खर्चाचं बोलणं तरी थोडं कमी झालं. दहिवडीहून पहाटेची गाडी धरली, भाकरी-चटणी बरोबर घेतली.

दारावर नाव नोंदवणाऱ्या मुलानं विचारलं, "काकू, तुम्ही पालक का?" आम्ही वर्गाची ओळखपत्रं काढून दाखवली. तो लाजला, आम्ही हसलो. गळ्यात अडकवायची पट्टी मिळाली, तिच्यावर आमची नावं.

पहिल्या दिवशी निम्मं बोलणं इंग्रजीत होतं आणि निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक व्याख्यान मराठी अक्षरांवर होतं. आम्ही इतिवृत्त जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप करायचो आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसता अगडबंब कचरा दिसायचा. कारण तिथं समजलं. जुन्या फॉण्टमध्ये संगणकाला माहीत असायची इंग्रजी चिन्हं, आणि त्यांना मराठी अक्षराचं नुसतं रूप दिलेलं असायचं. तो फॉण्ट नसला की रूप जायचं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. "क"चा क्रमांक २३२५. संगणक कुठलाही असो, २३२५ म्हणजे "क"च. देवनागरीच्या मूळ तक्त्यात अशा १२८ जागा आहेत. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असता, तर मावशींचे हप्ते दुसरीच्या नावावर गेले असते का?

दुसऱ्या दिवशी कुणालाही पाच मिनिटं बोलायची मुभा होती. कागदावर नाव लिहायचं, बस्स. जेवणापर्यंत आमचं "तू लिही, तू लिही" चाललं होतं. शेवटी तिघींची नावं एकाच ओळीत लिहिली. आम्ही मावशींची गोष्ट सांगितली, नाव न घेता. सांगितलं, की बेरीज बरोबर होती म्हणून आम्ही फसलो. सभागृह शांत झालं. मग एका विद्यार्थिनीनं सांगितलं, "क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडायचा, एकटी रांग कधीच नाही. आणि बदल करायच्या आधी तक्त्याची एक प्रत ठेवायची." दुसऱ्या एकानं विचारलं, "ते पासबुक कुणाकडं असतं?" आम्ही म्हटलं, "ज्याचं त्याच्याकडं, घरच्या पेटीत." तर त्यानं ते वहीत लिहून घेतलं! आम्ही शिकायला गेलो होतो, आणि मावशींची पेटी तिथं कुणीतरी लिहून घेत होतं.

आता आमच्या गटांत चार गोष्टी ठरल्या आहेत. एक, प्रत्येक सभासदाला क्रमांक, आणि तो पासबुकावर आणि तक्त्यात एकच. दोन, बेरीज जुळली तरी निदान तीन जणींच्या ओळी त्यांच्या पासबुकाशी ताडून पाहायच्या, आणि दर बैठकीला वेगळ्या तिघींच्या. तीन, हिशोब आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचा, मगच फोनवर पाठवायचा. चार, कुणाची थकबाकी दिसली तर पहिल्यांदा तिच्याशी एकटीशी बोलायचं.

घरी परतलो तेव्हा सासूबाईंनी विचारलंच, "काय आणलंस?" पिशवी आणि पेन तर होतंच. ते पेन आता गटाच्या वहीला बांधलंय. मावशींच्या पासबुकावर त्याच पेनानं क्रमांक घातला. त्यांनी विचारलं, "कितवा?" म्हटलं, "सात." म्हणाल्या, "सात न्हवं का? मग ध्यानात राहील." अजूनही आमच्याकडून तक्ता आला, की त्या आधी पुस्तक काढायला लावतात. आम्हाला त्याचा राग येत नाही.

मैत्रिणींनो, शिका. नोकरी करत, घर करत, टाकीजवळ उभ्या राहून का होईना, शिका. परिषद असेल तिथं जा, प्रश्न विचारा. आणि आजच्या आज एक काम करा. पेटीतून आपलं पासबुक काढा, गटाच्या हिशोबाशी एकदा जुळवून बघा. वाचता येत नसेल तर लेकीला, नातीला शेजारी बसवा. आणि पुस्तक पुन्हा आपल्याच पेटीत ठेवा.